हौद, गावतळं आणि पन्नीचं शेततळं: हिरवं पाणी, गाळ आणि वर्षभराची देखभाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला राहत्या घराच्या अंगणात कमळांचा सिमेंटचा हौद आहे, सांवेरकडच्या शेतात पन्नी (प्लास्टिकचा जाड कागद) अंथरलेलं शेततळं आहे आणि जवळच्या गावातलं मातीचं तळं मासेपालनासाठी पट्ट्यावर घेतलं आहे. तिन्हींचं पाणी हिरवं झालं आहे. दुकानदाराने मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) सुचवला आहे, तर तो कुठे किती टाकावा?

गावतळ्यात टाकू नका. हौदातही टाकू नका. शेततळ्यात टाकायची वेळ क्वचितच येते, आणि आलीच तर आधी पाण्याची तपासणी लागते. या तीन पाण्यांचं काम वेगवेगळं आहे, त्यामुळे हिरवेपणाचा अर्थही तिन्हीकडे वेगळा निघतो. गावतळ्यात हलका हिरवा रंग म्हणजे माशांचं खाद्य. शेततळ्यात तोच रंग ठिबकच्या फिल्टरचा शत्रू. हौदात तो बहुतेक वेळा जास्त खाणं टाकल्याची खूण असते. शेवाळ खतावर वाढतं, आणि खत कुठून तरी आत येत असतं: शेतातून वाहून, माशांच्या खाण्यातून, पडलेल्या पानांतून किंवा तळाच्या जुन्या गाळातून. ती वाट तशीच ठेवून वरचं शेवाळ मारलं, तर मेलेलं शेवाळ कुजतं, त्याचंच पुन्हा खत होतं आणि तीन आठवड्यांत पाणी होतं तिथे येतं.

आधी हिरवं म्हणजे नेमकं काय ते बघा. पारदर्शक बाटलीत पाणी भरून ती न हलवता तासभर ठेवा. हिरवा थर वर येऊन रंगाच्या सायीसारखा साचला, तर ते निळं-हिरवं शेवाळ. त्याच्या काही जाती विषारी असतात, म्हणून ती साय असेपर्यंत गुरांना ते पाणी पाजू नये. हिरवेपणा पाण्यात सारखा पसरून राहिला, तर साधं सूक्ष्म शेवाळ. मातकट थर तळाशी बसला, तर तो गढूळपणा आहे, शेवाळाचा त्याच्याशी संबंध नाही. काठीला केसांसारख्या लडी गुंडाळून येत असतील तर ते तंतुमय शेवाळ, आणि ते हाताने किंवा दाताळ्याने ओढून काढण्याइतका खात्रीचा इलाज दुसरा नाही.

दुसरं साधन म्हणजे २० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची थाळी. तिचे चार भाग करून आलटूनपालटून काळा-पांढरा रंग द्या, मधोमध दोरी बांधा, खाली वजन लावा. सकाळी दहाच्या पुढे सावली नसेल अशा जागी ती पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली मोजा. शंभर-दीडशे रुपयांत होणारी ही थाळी पुढच्या निम्म्या निर्णयांना पुरते. जोडीला पीएच, अमोनिया आणि अल्कलिनिटी (पीएचचे चढउतार रोखून धरण्याची पाण्याची ताकद) मोजणारं मत्स्यपालनाचं साधं किट घ्या. पीएच सकाळी उजाडताना आणि दुपारी तीनला असा दोनदा मोजायचा. दाट शेवाळाच्या पाण्यात सकाळी ७.५ असलेला पीएच दुपारी ९ च्या वर जातो, त्यामुळे एकाच वेळच्या आकड्यावर विसंबलं की फसगत होते.

आता हौद. ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि अडीच फूट खोल धरला, तर त्यात साधारण १,७०० लिटर पाणी मावतं. फिल्टर नसेल तर एवढ्यात आठ-दहा गोल्डफिश पुष्कळ झाले, फिल्टर असला तर पंधरा. पाण्याचा निम्म्याहून थोडा जास्त पृष्ठभाग कमळाच्या किंवा कुमुदाच्या पानांनी झाकलेला असला की सूक्ष्म शेवाळाला ऊन मिळत नाही आणि हिरवेपणा आपोआप आटोक्यात राहतो. खाणं दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. घरात चार माणसं असली की चौघंही येता-जाता मुठी टाकतात, आणि हौद हिरवा होण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. खाणं टाकायचं काम एकाकडेच द्या.

पाणी बदलताना पूर्ण हौद उपसून घासायचा मोह टाळा. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जीवाणू भिंतींवर, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्तीला असतात. ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. सगळं घासून चकचकीत केलं की ती संपते, आणि हौद धुतला त्या दिवशी न मरता मासे चार-पाच दिवसांनी मरतात, म्हणून कारण लक्षात येत नाही. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी तळातून काढा आणि तेवढंच नवं घाला. स्पंज हौदातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा, नळाखाली धरू नका. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्या टाकीत चोवीस तास साठवून, मधूनमधून ढवळून वापरा, किंवा १०० लिटरला १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट घाला. बोअरच्या पाण्याची भानगड वेगळी. ते जड असतं, आणि उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची नुसती भर घालत राहिलं की क्षार हौदातच साठत जातात. काठावर पांढरी रेघ दिसू लागली की समजा, आधी थोडं पाणी काढून मग भर घालायची वेळ झाली. पावसाळ्यात गच्चीचं पाणी पहिले दोन पाऊस सोडून हौदात वळवलंत तर फारच चांगलं.

पंप ताशी १,००० लिटरचा पुरे, म्हणजे दोन तासांत सगळं पाणी फिल्टरमधून एकदा फिरतं. एवढं सगळं करूनही हिरवं राहिलं तर ९ वॅटचा यूव्ही दिवा फिल्टरच्या पुढे जोडा. आधी दिवा आणि मग शिस्त, हा क्रम मात्र महाग पडतो.

कमळासाठी ४५-५० सेंटीमीटर रुंद, २५-३० सेंटीमीटर खोल आणि भोक नसलेलं गोल टोपलं घ्या. चौकोनी टोपल्यात कंदाची वाढती टोकं कोपऱ्यात अडकून मुडपतात. शेतातली काळी माती तीन घमेली आणि वाळू एक घमेलं. ताजं शेण मुळीच नको, ते पाण्याखाली कुजून कंद सडवतं. मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा १० ग्रॅम मिश्र खत वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून मातीत खोल खुपसा, म्हणजे ते पाण्यात मिसळणार नाही. मातीवर १५ ते ३० सेंटीमीटर पाणी आणि दिवसाला सहा तास ऊन लागतं. डिसेंबर-जानेवारीत पानं वाळतात. कमळ मेलं असं समजून कंद उपटून पाहू नका. डासांसाठी पंधरा-वीस गप्पी सोडा. हौद नवा असेल, तर सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून तीन-चार वेळा भरून प्रत्येक वेळी आठवडाभर ठेवून रिकामा करा आणि पीएच ८.५ च्या खाली आल्याशिवाय मासे आणू नका.

गावतळ्याचं काम यापेक्षा पुष्कळ मोठं, आणि नुकसान झालं तर तेही तिथेच मोठं. पुढचे आकडे एक हेक्टर पाणपसाऱ्याचे धरले आहेत, तुमच्या तळ्याच्या मापाने कमी-जास्त करा.

थाळी ३० ते ४० सेंटीमीटरवर दिसेनाशी होत असेल, तर पाण्याला हात लावू नका, माशांना हवं तसंच ते आहे. २० च्या आत आली तर शेण, खत आणि खाद्य लगेच बंद करा. ६० च्या पुढेही थाळी दिसत असेल तर तळं उपाशी आहे. पाणी तपकिरी असेल तर हे आकडे लागू होत नाहीत. माळव्याच्या काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते आठवडे-आठवडे तरंगत राहतात, ऊन आत शिरत नाही आणि कटला मासा वाढत नाही. गुरं कुठून उतरतात, पाळीची कुठली बाजू उघडी आहे, हे बघून गुरांसाठी दगड-मुरूम टाकलेला एकच उतार ठेवा आणि पाळीवर हरळी किंवा वाळा लावा. तुरटी टाकायची असेल तर आधी बादल्यांत वेगवेगळ्या मात्रा करून बघा. दहा ते पंचवीस पीपीएमच्या (हजार लिटरला तेवढे ग्रॅम) दरम्यान कुठेतरी पाणी निवळतं. तुरटी अल्कलिनिटी खाते, म्हणून लागेल त्याहून जास्त कधीच नको.

मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यात मरळ, मागूर, शिंगी असे शिकारी मासे उरलेले नसावेत. बोटुकल्यांचा (बोटाएवढ्या पिल्लांचा) फडशा पाडायला थोडेसेच पुरतात. आपल्या प्रदेशात यासाठी मोहाची पेंड सहज मिळते. एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी २,००० ते २,५०० किलो, रात्रभर भिजवून सगळीकडे शिंपडायची. तिच्यातलं सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडतं, पण मेलेले मासे खायला चालतात. दोन-तीन आठवड्यांत विषारीपणा जातो आणि पेंडीचं खत होतं, म्हणून पुढचं शेण निम्म्याने कमी करायचं. बीज सोडायच्या आदल्या दिवशी जाळीच्या पिंजऱ्यात दहा-बारा बोटुकल्या चोवीस तास ठेवून बघा. गाव ते पाणी गुरांसाठी किंवा धुण्यासाठी वापरत असेल तर मात्र पेंडीच्या भानगडीत पडू नका. मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असताना बारीक जाळं पुन्हा पुन्हा ओढा. शिकारी थोडे उरतील, म्हणून बीज मोठ्या आकाराचं घ्या.

चुन्याबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. मासेपालनाच्या माहितीपत्रकांतली चुन्याची मोठी मात्रा आम्ल मातीसाठी असते. काळ्या मातीचा पीएच बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ असतो. तिथे हेक्टरी २०० किलोच्या आसपास भुकटी पुरते आणि ८.५ च्या वर तर नकोच. हिरव्या पाण्यात दुपारी चुना टाकणं सगळ्यात वाईट. पीएच आधीच चढलेला असतो, तो आणखी चढतो, आणि पाण्यातला निरुपद्रवी अमोनियम घातक अमोनियात बदलतो.

बीज १० सेंटीमीटरचं, हेक्टरी ५,००० नग, त्यात कटला ४०, रोहू ३०, मृगळ ३० टक्के. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिघांचं एकमेकांशी भांडण कमी. हिरवेपणा नेहमीच दाट राहत असेल तर दहा टक्के सिल्व्हर कार्प घेतला तर फरक दिसतो, पण तो कटल्याच्या तोंडचा घास काढतो, त्यामुळे कटला तेवढाच कमी करा. तळं फेब्रुवारी-मार्चला आटत असेल तर बोटुकल्यांऐवजी वर्षाचं बीज घ्या, नग निम्मे करा. थाई मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, तो पाळायला बंदी आहे. पिशव्या पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून, तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेत मग मासे सोडा.

खाद्याला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड असं पुस्तकात असतं. माळव्यात गव्हाचा कोंडा आणि सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) निम्मी-निम्मी स्वस्त पडते आणि चालतेही. कच्चं भरडलेलं सोयाबीन मात्र देऊ नका, त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. डीओसी गिरणीत तापवलेली असते, म्हणून ती चालते. मात्रा माशांच्या वजनावर काढायची. सोडलेल्या ५,००० पैकी ४,५०० जगले आणि नमुन्यात सरासरी १०० ग्रॅम भरले, तर तळ्यात ४५० किलो मासे झाले, आणि तीन टक्क्यांनी दिवसाला साडेतेरा किलो खाद्य. सुरुवातीला पाच टक्के, पुढे दोनपर्यंत खाली. महिन्यातून एकदा जाळं टाकून पंचवीस-तीस मासे तोला. बारीक भोकं पाडलेल्या पोत्यांत खाद्य भरून ती बांबूला बांधून पाण्यात सोडली की नासाडी कमी होते, आणि संध्याकाळी पोतं उचललं की खाल्लं किती तेही कळतं. पोत्यात खाद्य उरलेलं दिसलं की दुसऱ्या दिवशी कमी करा. ढगाळ दिवशी बंदच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तळ्यातले मासे मरतात ते बहुतेक वेळा पहाटे, आणि श्रावण-भाद्रपदातल्या सलग ढगाळ दिवसांनंतर. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो खातं. पाणी जितकं हिरवं तितकी पहाटेची तूट मोठी. दोन-तीन दिवस ऊन पडलं नाही की शिल्लकच राहत नाही, आणि नेमकं त्याच दिवसांत गणपतीचं निर्माल्य पाण्यात येऊन कुजायला लागतं. गावाशी बोलून विसर्जनासाठी बाजूला वेगळा खड्डा आधीच करून घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, तळाशी चिखलाचा थर बनून राहतं.

उजाडताना मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर लगेच पंप लावा. तळ्याचंच पाणी उचलून भोकं पाडलेल्या पाइपमधून किंवा फळीवर आपटून परत पडेल असं करा. बोअरचं पाणी सोडायचं असेल तर तेही उंचावरून फवाऱ्याने, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतोच. नळी बुडवून सोडलेलं बोअरचं पाणी उलट संकट वाढवतं. नऊ वाजता ऊन आलं की मासे खाली जातात आणि माणूस निर्धास्त होतो. रात्री पुन्हा तेच होणार असतं. पुढच्या तीन-चार रात्री मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत पंप चालू ठेवा, खाद्य-खत पूर्ण थांबवा. अशा तळ्यात मोरचूद टाकला असता तर सगळं शेवाळ एकदम मरून त्याच्या कुजण्यानेच उरलेला प्राणवायू संपला असता. म्हणून सुरुवातीलाच नको म्हटलं.

मोठे मासे आधी मेले आणि पहाटे मेले, तर प्राणवायू कमी पडला. लहान-मोठे एकदम, दुपारी, वेडेवाकडे फिरत मेले तर विषबाधेचा संशय घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये सभोवार सोयाबीनवर फवारणी चालते, आणि पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारक असतात. फवारणीचा पंप तळ्याच्या काठी धुऊ न देणं, हा नियम पट्टा घेतानाच गावात ठरवून घ्या. शेतातून येणाऱ्या नाल्याला छोटा आडवा बांध घालून पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी बाहेर वळवा, त्यात डीएपी आणि तणनाशक दोन्ही असतं.

सांडव्याला जाळी लागतेच, नाहीतर पहिल्या पुरात मासे नाल्यात. पण सरळ उभी लावलेली लहान जाळी काडीकचऱ्याने तुंबते, पाणी चढतं आणि पाळीवरून वाहून पाळ फोडतं. जाळी तिरपी लावा, सांडव्याच्या दीड-दोनपट लांबीची, आणि मोठ्या पावसात तिथे माणूस ठेवा. काळ्या मातीच्या पाळीला उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात. त्यांत कोरडी माती लोटली तर पहिल्या भरतीत पाणी तिथूनच वाट काढतं. भेग रुंद करून ओली माती थरथराने चोपून बसवा, वर अर्धा फूट मुरमाचं आवरण द्या. उंदरांची आणि खेकड्यांची बिळंही तशीच भरा. पाळीवर बाभूळ, पिंपळ उगवले तर लहान असतानाच काढा, मोठं झाड तोडल्यावर कुजणाऱ्या मुळांच्या नळ्या बनतात.

गाळ काढण्याचा उत्साह मे महिन्यात सगळ्यांनाच येतो. वरचा मऊ, काळा, वास मारणारा थर काढा, तो शेतात टाकायला उत्तम. खालचा घट्ट चिकणमातीचा थर मात्र तळ्याची सतरंजी आहे. माळव्यात अनेक ठिकाणी काळ्या मातीखाली थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. जेसीबीवाल्याने मुरमापर्यंत खोदलं की तळं खोल होतं आणि डिसेंबरातच कोरडं पडतं. खोदण्याआधी चार ठिकाणी पहारीने भोक पाडून मातीची जाडी बघा. चुकून मुरूम उघडा पडलाच, तर अर्धा मीटर चिकणमाती प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या थरांत, ओलसर करून, रोलरने दाबून भरा.

जलपर्णी दिसताच काढा, फुलं येण्याआधी. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काढलेली काठावर ठेवली तर पहिल्या पावसात परत आत जाते, लांब नेऊन वाळवा. काठचं पाणगवत मात्र सगळं साफ करू नका, तिसरा हिस्सा तरी राहू द्या. पाळीची धूप त्याने थांबते, पक्षीही येतात. इंदूरचा सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेले ते पाणथळ आणि तिथल्या पक्ष्यांमुळेच. पाणकावळे थोडे मासे नेतील, तेवढं सोसावं.

हिवाळ्यात पाणी गार झालं की मासे कमी खातात, खाद्य एक टक्क्यावर आणा. अंगावर लाल व्रण दिसले तर एक मीटर खोलीला हेक्टरी एक लिटर सिफॅक्स घेऊन, ते पाण्यात पातळ करून सगळीकडे शिंपडा. हे औषध भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेचं आहे. माशांच्या ऊ दिसल्या तर पाण्यात बांबूच्या फळ्या उभ्या करून ठेवा. ऊ त्यांवर अंडी घालते, फळ्या आठवड्याला काढून उन्हात वाळवायच्या.

शेततळ्याचा हिशेब आधी मांडा, मग देखभाल समजते. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार दीडास एक, आणि वरचा अर्धा मीटर रिकामा सोडला, तर पाणी साधारण १५.४ लाख लिटर. एक हेक्टरला ५ सेंटीमीटरचं एक पाणी म्हणजे ५ लाख लिटर. म्हणजे हिशेबाने तीन पाण्यांचा साठा झाला. मे महिन्यात माळव्याच्या वाऱ्या-उन्हात दिवसाला एक सेंटीमीटरपर्यंत पाणी उडतं, आणि ऑक्टोबरअखेर भरलेलं तळं तसंच मेपर्यंत राखलं तर निम्म्याच्या आसपास हवेत जातं. म्हणून गव्हा-हरभऱ्याला हिवाळ्यातच वापरून टाका. उन्हाळ्यासाठी साठवण्याचा हट्ट फळझाडं असतील तरच परवडतो.

पूर्ण रिकामं मात्र करू नका. पावसाळ्यात काळी माती फुगते, जमिनीतलं पाणी वर चढतं आणि रिकाम्या पन्नीला खालून उचलतं. जून लागताना आत किमान अर्धा मीटर पाण्याचं वजन हवं. पन्नी ५०० मायक्रॉनची, आयएस १५३५१ छापाची घ्यावी. वरच्या मापाच्या तळ्याला कडेच्या चरात पुरण्याच्या भागासकट साधारण ३५ बाय ३५ मीटर लागते. अंथरण्याआधी नागरमोथ्याचे कंद वेचून काढले नाहीत तर त्याचे सुईसारखे कोंब पन्नी भोसकून वर येतात. पाणी गळतंय की उडतंय हे कळायला बादली पाणी भरून तळ्यातच दगडावर अर्धी बुडवून ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खुणावा, दोन दिवसांनी बघा. बाहेरची जास्त उतरली तर गळती. पातळी उतरत उतरत ज्या उंचीवर थांबते, भोक त्याच रेषेवर शोधायचं. जोड गरम हवेच्या यंत्रानेच लावा, ठिगळ भोकाच्या चारी बाजूंना १५ सेंटीमीटर मोठं. डिंक-गोंदाने एचडीपीई (पन्नीचं प्लास्टिक) चिकटून टिकत नाही. आत गाळ येऊ नये म्हणून आवकेच्या तोंडाशी दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर खोल गाळकुंडी ठेवा आणि ती पावसाळ्यात दोन-तीनदा उपसा. पन्नीवरचा गाळ काढायला फावडं चालत नाही, रबरी वायपर आणि चिखल ओढणारा पंप लागतो.

ठिबकसाठी फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या ओढनळीच्या टोकाची झडप) तळाशी सोडू नका. तरंगत्या पिंपाला बांधून तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर ठेवा, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही चुकतात. वाळूच्या फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात ०.५ किलोचा फरक पडला की उलटा प्रवाह देऊन तो धुवा. एवढ्याने बहुतेकांचं काम भागतं. तरी मोरचूद टाकायचाच झाला, तर मात्रा अल्कलिनिटीच्या शंभराव्या भागाइतकी. अल्कलिनिटी २०० निघाली तर २ पीपीएम, म्हणजे वरच्या साठ्याला ३ किलोच्या थोडं वर. बोअरच्या जड पाण्यात तांबं लवकर खाली बसतं आणि परिणाम होत नाही. पावसाच्या हलक्या पाण्यात अल्कलिनिटी ५० च्या खाली असली तर तीच मात्रा मासे मारते. दुकानदाराचं सरसकट माप म्हणूनच दोन्हीकडे चुकतं. शिवाय टाकलेलं तांबं गाळात साठतं आणि तो गाळ शेवटी तुमच्याच शेतात जातो.

शेततळ्याला कुंपण नसेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी ते करा. ओल्या, शेवाळलेल्या पन्नीच्या उतारावर पाय ठरत नाही, आणि आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. चारी बाजूंना दर दीड फुटावर गाठी मारलेले जाड दोर वरच्या खुंट्यांपासून तळापर्यंत सोडा, एका बाजूला जुन्या टायरांची शिडी, आणि काठावर हवा भरलेली ट्यूब लांब दोरीला बांधून टांगलेली. दोर उन्हाने कुजतो, दरवर्षी पावसाळ्याआधी ओढून बघून बदला. कुंपण पाच फूट उंच हवं, आणि फाटकाला कुलूप.